वारं जाण्याआधीची वर्षे

एखाद्या माणसाचा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले, की आपल्याकडे म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं.’ विदर्भात ‘लकवा मारला’ म्हणतात, तर छापील मराठीत अर्धांगवायू किंवा पक्षाघात हे शब्द येतात. ‘वारं’ काय किंवा ‘वायू’ काय, या नावांत एक जुनी समजूत मुरलेली आहे. हे दुखणे बाहेरून येते, न सांगता येते आणि कोणाला गाठेल याचा नेम नसतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अचानक असतो तो फक्त झटक्याचा क्षण. त्याची तयारी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत बहुधा कित्येक वर्षे चाललेली असते. त्या काळात माणूस शेतात जातो, लग्नकार्ये उरकतो, मुलांची शिक्षणे पाहतो, आणि अनेकदा त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा एकदाही बांधला जात नाही. भारतासारख्या विकसनशील देशांत पक्षाघाताने एवढी माणसे का जातात, हे समजून घ्यायचे तर झटक्याच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या या वर्षांकडे पाहावे लागते.

सुरुवात गडचिरोलीपासून करू. या जिल्ह्याचे नाव निघाले की हिवताप, सर्पदंश, कुपोषण आणि बालमृत्यू डोळ्यांसमोर येतात, आणि ते चुकीचेही नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे नाव जगभर झाले ते नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्याच्या कामामुळे. याच संस्थेत तेव्हा काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत जिल्ह्यातील ८६ गावांमधल्या मृत्यूंचा माग ठेवला. या गावांची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती. खेड्यातला माणूस घरीच मरण पावला की त्याच्या मृत्यूचे कारण कुठेच नीट लिहिले जात नाही. म्हणून अशा अभ्यासात प्रशिक्षित माणसे त्या घरी जातात, शेवटच्या दिवसांत काय काय झाले हे नातेवाइकांना ठरावीक प्रश्नांतून विचारतात आणि त्या उत्तरांवरून कारण निश्चित केले जाते. दोन वर्षांत या गावांत १,५९९ माणसे गेली आणि त्यांपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने गेली. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा, ज्यांना पक्षाघात हा शहरातल्या, गाडीतून फिरणाऱ्या, तुपातले खाणाऱ्या लोकांचा आजार वाटत होता, त्यांच्यासाठी तो मोठा धक्का होता. त्या अभ्यासातला आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोक आपल्या घरीच मरण पावले.

गडचिरोलीत जे दिसले, तेच जगाच्या पातळीवरही दिसते. २०१९ या वर्षासाठी झालेल्या जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार त्या वर्षी जगात सुमारे १ कोटी २२ लाख लोकांना नव्याने पक्षाघात झाला आणि सुमारे ६५ लाख लोक त्याने मृत्यू पावले. यांतले ८६ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. झटका येऊन गेल्यावर जगलेल्यांच्या वाट्याला येणारे अपंगत्वही हिशेबात धरले, तर या देशांचा वाटा त्याहून वाढतो. शिवाय आपल्याकडे हा आजार श्रीमंत देशांच्या मानाने कमी वयात येतो. म्हणजे जो पडतो तो अनेकदा घरातला कमावता माणूस असतो, आणि त्याला उठवण्या-बसवण्यासाठी आणखी एका माणसाची मजुरी बुडते.

आता रक्तदाब म्हणजे नेमके काय, ते पाहू. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा जोर हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडलेले असताना उरणारा जोर हा खालचा आकडा. इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. रशियातील कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकू येणारे आवाज ओळखले, आणि त्यामुळे दोन्ही आकडे मोजता येऊ लागले. पाऱ्याची नळी आता बहुतेक ठिकाणांहून गेली, तरी रक्तदाब अजूनही ‘पाऱ्याच्या इतक्या मिलिमीटर’ असाच सांगितला जातो, तो त्यामुळेच. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी नीट मोजून वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. पण १४० ही काही अशी रेघ नाही की तिच्या अलीकडे सगळे सुरक्षित आणि पलीकडे सगळे धोक्यात. सुमारे दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले की चाळीस ते सत्तर या वयांत वरचा आकडा २० ने वाढला, की पक्षाघाताने मृत्यू येण्याची जोखीम दुपटीहून अधिक होते, आणि ही चढण ११५ च्या आसपासच सुरू होते.

मेंदूलाच हा दाब इतका का बाधतो, हे त्याच्या रक्तपुरवठ्याच्या रचनेवरून कळते. शरीरात बहुतेक ठिकाणी मोठ्या धमनीच्या फांद्या होत होत त्या हळूहळू बारीक होतात, त्यामुळे टोकाला पोहोचेपर्यंत रक्ताचा जोर ओसरलेला असतो. मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या काही केसासारख्या धमन्या मात्र थेट मोठ्या धमनीतूनच जवळजवळ काटकोनात फुटतात. मुख्य जलवाहिनीला मध्ये टाकी न ठेवता थेट बारीक नळी जोडावी, तसा हा प्रकार आहे. वाढलेला दाब या नळ्यांना वर्षानुवर्षे सोसावा लागला की त्यांच्या भिंती जाड, कडक आणि ठिसूळ होतात. कधी आतली वाट इतकी अरुंद होते की रक्त पुढे जाणेच थांबते, आणि त्या पुढचा मेंदूचा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. कधी भिंतच फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. पहिला प्रकार रक्तवाहिनी बंद पडण्याचा आणि दुसरा रक्तस्रावाचा. मानेतल्या किंवा डोक्यातल्या मोठ्या धमन्यांत चरबीचे थर साचण्याची क्रियाही वाढलेल्या दाबाने वेग घेते, हृदयाची लय बिघडते आणि तिथे गुठळ्या बनून त्या मेंदूकडे जाऊ शकतात. ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तंबाखू, मधुमेह, आहार, हालचालीचा अभाव अशा दहा कारणांत उच्च रक्तदाब सर्वांत पुढे होता, आणि पक्षाघाताच्या साधारण निम्म्या जोखमीचा संबंध एकट्या त्याच्याशी लागत होता. रक्तस्रावाच्या पक्षाघाताशी त्याचे नाते अधिकच घट्ट आहे, आणि विकसनशील देशांत याच प्रकाराचे प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा जास्त आढळते.

या सगळ्या काळात माणसाला काहीही होत नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. धमनीच्या आतल्या भिंतीला दुखत नाही. डोके दुखले, घाबरे वाटले, राग आला, म्हणजे ‘बीपी वाढलं’ असे आपण सहज म्हणतो, पण १७० रक्तदाब घेऊन रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला कसलाही त्रास जाणवत नसतो. म्हणून लक्षणांची वाट पाहणे म्हणजे झटक्याची वाट पाहणे ठरते. पट्टा बांधून मोजणे एवढाच एक मार्ग उरतो.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते उपयोगाचे आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका मोजला गेला होता. तो वाढलेला आहे हे त्यांच्या डॉक्टरांना आधीपासून माहीत होते, आणि जगात मिळू शकेल ते सर्व त्यांच्यासाठी हजर होते. पण रक्तदाब सुरक्षितपणे कमी करणारी गोळीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. उपचाराने पक्षाघात खरोखर टळतो, हे नीट आखलेल्या चाचणीतून दिसून यायला १९६७ साल उजाडले. आज रक्तदाब कमी करणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि बाजारातही ती महाग औषधांत मोडत नाही. १९४५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये जे नव्हते ते आज गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या किंवा भामरागडच्या दवाखान्यात ठेवता येते. त्यामुळे आपल्याकडचा प्रश्न औषधाच्या शोधाचा राहिलेला नाही. तो त्या गोळीने माणसापर्यंत दर महिन्याला पोहोचण्याचा आहे.

गोळी माणसापर्यंत पोहोचेपर्यंत होणारी ही गळती किती मोठी आहे ते आकड्यांतून पाहता येते. २०१९ मध्ये जगात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांतले बहुतेक जण कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. अशी शंभर माणसे घेतली, तर आपल्याला हा त्रास आहे हे ५४ जणांना ठाऊक होते, ४२ जण उपचार घेत होते, आणि ज्यांचा दाब खरोखर आटोक्यात होता असे केवळ २१ निघाले. धरणातून कालव्याला पाणी सोडावे, ते वरच्या गावांत मुरत, वाटेत पाझरत, शेवटी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ओलही पोहोचू नये, तशी ही स्थिती आहे. विकसनशील देशांत कालव्याचे हे शेपूट आणखी कोरडे असते. नेपाळ, इंडोनेशिया आणि आफ्रिकेतील काही देशांत तर उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांपैकी उपचार घेणारे वीस टक्क्यांहूनही कमी आढळले. पण याच अभ्यासात कोस्टा रिकासारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशाने बऱ्याच श्रीमंत देशांना मागे टाकले होते, आणि म्हणून गरिबीकडे बोट दाखवून गप्प बसता येत नाही. भारतापुरते बोलायचे तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. ही संख्या सुमारे साडेएकतीस कोटी होते.

गळती नेमकी कुठे होते, हे मला आमच्या आत्याच्या घरी कळले. तिला रक्तदाब असल्याचे एका शिबिरात निघाले होते, गोळीही लिहून दिली होती, आणि ती गोळ्या घेते असेच आम्ही सगळे समजत होतो. तिच्या उजव्या अंगावरून वारं गेल्यानंतर स्वयंपाकघरातल्या फळीवरचा स्टीलचा डबा उघडला, तेव्हा त्यात चार-पाच पाकिटे निघाली. प्रत्येकातल्या दोन-तीन गोळ्या फोडलेल्या, बाकीच्या जागच्या जागी. डोके जड वाटले की ती एक गोळी घेत असे आणि बरे वाटले की डबा बंद करत असे. तापाची, पोटदुखीची, अंगदुखीची गोळी आयुष्यभर आपण अशीच घेतो, मग ही गोळी वेगळी कशी, हे तिला कोणी बसून सांगितले नव्हते. त्यानंतर पाच वर्षे ती जगली. भाकरी थापणारा हात मांडीवर तसाच पडून असे. शब्द तिच्या मनात येत, पण ओठांवर भलतेच उतरत. पाणी हवे असले की ती ‘दार, दार’ म्हणत असे, आणि आपण चुकीचे बोललो हे तिलाच कळून डोळे भरून येत.

यात आत्याचा हट्ट होता, असे मला वाटत नाही. विकसनशील देशांतील सरकारी आरोग्यव्यवस्था उभी राहिली ती ताप, हगवण, बाळंतपण आणि लसीकरण यांसाठी. माणूस आजारी पडला, आला, बरा होऊन गेला, अशा येण्या-जाण्यावर तिची सगळी घडी बसवलेली आहे. रक्तदाबाचा रुग्ण मात्र स्वतःला आजारी समजत नाही, तो पुढची वीस-पंचवीस वर्षे दर महिन्याला यायला हवा असतो, आणि तो आला नाही तर ‘आला नाही’ हे कोणाच्या तरी वहीत दिसावे लागते. आपल्या वह्यांत आलेल्यांची नोंद असते, न आलेल्यांची बहुधा नसते. त्यात गोळ्या मिळणार सात दिवसांच्या, आणि आरोग्य केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर. एसटीचे तिकीट, दिवसभराची बुडालेली मजुरी, रांग, आणि पुष्कळदा ‘आज गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर पदरी येते. ऊसतोडीला किंवा मिरची तोडायला गाव सोडून गेलेल्या कुटुंबाचा धागा तर तिथेच तुटतो. त्यातच ‘एकदा गोळी सुरू केली की तिची सवय लागते’ ही भीती घराघरांत आहे. तिच्याविषयी एवढेच सांगणे पुरे की सवय गोळीची लागत नाही. आजार कायमचा असतो, म्हणून गोळीही कायमची असते, जसा चष्मा असतो.

औषधाइतकाच मिठाचा विचार करायला हवा, आणि येथे आपला मार्ग युरोप-अमेरिकेहून वेगळा निघतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. आपल्या खाण्यात ते याच्या बरेच वर असते. श्रीमंत देशांत बहुतेक मीठ कारखान्यात तयार झालेल्या पावातून, चीजमधून, डबाबंद पदार्थांतून पोटात जाते, म्हणून तिथे कारखान्यांना नियम घालून फरक पडतो. आपल्याकडे ते मुख्यतः घरच्या पातेल्यात पडते. वरणात, भाजीत, ठेच्यात, लोणच्यात, पापडात आणि कोकणात सुकवलेल्या माशात ते असते, आणि शिवाय ताटात डाव्या बाजूला वाढलेले वेगळेच. बाहेरचे वेफर आणि फरसाण यांनी त्यात अलीकडे भर घातली आहे. चीनच्या ग्रामीण भागातही मीठ असेच घरच्या स्वयंपाकात पडते. तिथल्या सहाशे गावांत एक मोठी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. आधी पक्षाघात होऊन गेलेले, किंवा साठीपुढचे व रक्तदाब वाढलेले असे जवळजवळ एकवीस हजार लोक तिच्यात होते. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी असे मीठ देण्यात आले ज्यात पाऊण भाग सोडियम क्लोराइड आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड होते. लोकांनी स्वयंपाक नेहमीसारखाच केला. सुमारे पाच वर्षांनी त्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरले. एकही नवी गोळी न देता, एकही डॉक्टर न वाढवता मिळालेले हे यश मला फार मोलाचे वाटते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा शरीरात पोटॅशियम साठवणारी औषधे घेणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम शरीरात साचले तर हृदयाला अपाय होतो.

तंबाखूचे वेगळे सांगायला नको, पण विदर्भातील खर्र्याचा उल्लेख टाळता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो खर्रा दिवसातून कित्येकदा गालात धरला जातो, आणि प्रत्येक वेळी निकोटिनने हृदयाचे ठोके व रक्तदाब काही काळ वर जातात. दारू, वाढते वजन आणि बसून काम करणे ही इतर कारणे वाचकांना परिचयाची आहेत.

गरीब देशाला हे जमेल का, या प्रश्नाला इतिहासात एक ठोस उत्तर आहे. जपानमध्ये १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात परिस्थिती फारच वाईट होती. लांबलेल्या हिवाळ्यासाठी भाज्या आणि मासे मिठात मुरवून ठेवण्याची तिथली पद्धत, आणि त्यामुळे मिठाचे खाणे आजच्या शिफारशीच्या कितीतरी पट. त्या प्रांतातील इकावा या खेड्यात १९६३ पासून गावकऱ्यांचा रक्तदाब तपासणे, वाढलेला असेल त्यांना दवाखान्याशी जोडणे, परिचारिकांनी घरोघरी जाऊन विचारपूस करणे आणि मीठ कमी करण्याविषयी गावभर बोलणे हे काम सुरू झाले व नेटाने चालू राहिले. पुढे शेजारच्या कमी काम झालेल्या भागाशी तुलना केली तेव्हा इकावातील पुरुषांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण अधिक उतरलेले दिसले. हे काम सुरू झाले तेव्हा मेंदूचा सीटी स्कॅनही कुठे उपलब्ध नव्हता. एका शेतकरी गावात पट्टा, वही आणि पायपीट यांवर एवढे साधले होते.

झटका आलाच तर काय करायचे, हेही सांगायला हवे, जरी माझा मुद्दा त्याआधीच्या वर्षांचा असला तरी. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढले जाते का, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली घसरतो का, बोलणे अडखळते किंवा अर्थहीन होते का, हे पाहावे. यातले एकही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडेच निघावे. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवावी. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही जितके लवकर तितके उपयोगी. बंद झाली आहे की फुटली आहे हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही, स्कॅनमध्येच दिसते. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. बीपीच्या जास्तीच्या गोळ्याही खाऊ घालू नयेत, आणि रुग्णाला नीट गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा पाजू नये. मालिश, जडीबुटी, कबुतराचे रक्त लावणे यांत जातो तो वेळ परत येत नाही. पण गडचिरोली, गोंदिया किंवा नंदुरबारच्या आतल्या गावातून साडेचार तासांत स्कॅनपर्यंत पोहोचणे पावसाळ्यात किती जणांना शक्य आहे, हे सांगण्याची गरज नाही. जे वाचतात त्यांच्यासाठी पुढची सेवाही कमी पडते. भारतातील १४ रुग्णालयांत साडेबाराशे रुग्णांवर एक चाचणी झाली. घरच्यांनाच व्यायाम आणि काळजी शिकवून पाठवले तर रुग्ण लवकर सावरेल, अशी तिच्यामागची आशा होती. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या काळजीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. एकदा मेलेला मेंदूचा भाग कुटुंबाच्या मायेने परत मिळत नाही, हे कठोर सत्य आपण स्वीकारले, तर आधीच्या वर्षांची किंमत कळते.

त्या वर्षांत काय करता येते, याचे नमुने आता आपल्याच प्रदेशात आहेत. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांसाठी सुरू झाला. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी मोजकी औषधे ठरावीक क्रमाने आणि ठरावीक मात्रेत द्यायची, म्हणजे प्रत्येक डॉक्टर वेगळी गोळी लिहिणार नाही आणि जिल्ह्याला किती गोळ्या लागतील याचा अंदाज आधी बांधता येईल. गोळ्या सात दिवसांऐवजी निदान तीस दिवसांच्या द्यायच्या. पुढच्या तपासण्या गावाजवळच्या उपकेंद्रात करायच्या. आणि महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक रुग्णाचे कार्ड किंवा मोबाइलवरील नोंद ठेवून तारीख उलटलेल्यांची यादी काढायची. सप्टेंबर २०२२ पर्यंत हे काम २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचले होते, ३४ लाखांहून अधिक लोक सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. निम्मे म्हणजे पुरेसे नाही, हे खरे. पण शंभरात एकवीस या जागतिक आकड्याशेजारी ते ठेवून पाहावे, अर्थात हे आधीच उपचारात आलेले लोक होते हे विसरू नये.

शेजारच्या देशांतूनही असेच कळते. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका येथील तीस ग्रामीण वस्त्यांत, आपल्या आशाताईंसारख्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांना घरी जाऊन रक्तदाब मोजायला, बोलायला आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे पाठवायला शिकवले. दोन वर्षांनंतर त्या वस्त्यांतील रुग्णांचा वरचा आकडा इतरांपेक्षा सरासरी पाच अंकांनी अधिक उतरला होता. पाच हा आकडा एका माणसाला किरकोळ वाटेल, पण लाखो लोकांच्या बाबतीत तो मोठ्या संख्येने पक्षाघात टाळणारा ठरतो. श्रीलंकेतील दुसऱ्या एका चाचणीत तीन औषधांच्या अर्ध्या-अर्ध्या मात्रा एकाच गोळीत दिल्या. सहा महिन्यांनी ७० टक्के लोक ठरवलेल्या पातळीखाली आले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. कारण साधे आहे. वाढवत वाढवत नेण्यासाठी तिसऱ्या-चौथ्या फेरीला येणे अनेकांना जमत नाही, म्हणून पहिल्याच गोळीत पुरेसे काम झालेले बरे.

मोजण्याविषयी मात्र काळजी हवी, कारण चुकीच्या मोजणीवर योग्य औषधही वाया जाते. गेल्या वर्षी एका उपकेंद्रात मी सकाळभर बसून होतो. बाई उन्हातून चालत येतात, लगेच स्टुलावर बसतात, हात पुढे करतात आणि पट्टा पातळाच्या पदरावरूनच बांधला जातो. असा मोजलेला आकडा दहा-वीसने वर जाऊ शकतो. त्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी नवीनच रुजू झाल्या होत्या आणि त्यांनी भिंतीला टेकवून एक खुर्ची वेगळी ठेवली होती. आलेल्या प्रत्येकीला त्या आधी पाच मिनिटे तिथे बसवत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, बोलणे नाही. गेल्या अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा झाला का, हे विचारून घेत. मग उघड्या दंडाला पट्टा बांधून, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजत आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहीत. जाड दंडासाठी मोठा पट्टा लागतो, तो तिथे नव्हता, त्याची मागणी त्यांनी वर पाठवलेली होती. घरी यंत्र असणाऱ्यांनीही हीच पद्धत पाळावी, फक्त घरच्या मोजणीत १३५ वर ८५ ही मर्यादा धरतात.

दुपारी केंद्र रिकामे झाल्यावर त्यांनी मोबाइलवरील यादी उघडली. त्या महिन्यात गोळ्या घ्यायला यायला हवे होते आणि आले नव्हते, अशी एकोणीस नावे होती. त्यांतल्या सात जणांकडे फोन नव्हता. ती सात नावे त्यांनी कागदावर उतरवून आशाताईंच्या हातात दिली. आशाताईंनी चपला घातल्या, कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि पहिले घर कुठल्या वस्तीवर आहे ते विचारून घेतले.